कुटुंबीयांसाठी केलेल्या खर्चाची वजावट प्राप्तिकर विवरणपत्रात कशी मागावी : नाशिकच्या पगारदारांसाठी सविस्तर मार्गदर्शक

जूनच्या मध्यावर कंपन्यांकडून फॉर्म १६, म्हणजे वर्षभराचा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा दाखला, हाती येऊ लागला की सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिक रोडच्या प्रेसमध्ये आणि ओझरच्या एचएएलमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो : आई-वडील माझ्याकडेच राहतात, भावाचा खर्चही मीच करतो, तर या अवलंबित माणसांची म्हणून मला करात किती सूट मिळेल? या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, घरात अवलंबून असलेली माणसे किती आहेत एवढ्याच आधारावर भारताचा प्राप्तिकर कायदा एक रुपयाचीही सरसकट वजावट देत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेले नातेवाईक त्यांच्या विवरणपत्रात अवलंबितांची नावे नोंदवून मुलांमागे मिळणाऱ्या करसवलतीबद्दल सांगतात आणि त्यावरून इथेही तसा एखादा रकाना असणार असा समज होतो. तसा रकाना आपल्याकडे नाही. आपल्याकडे वजावट मिळते ती विशिष्ट नात्यातल्या माणसासाठी, विशिष्ट कारणाने आणि विशिष्ट रीतीने केलेल्या खर्चाची. म्हणून विवरणपत्र उघडण्यापूर्वी तीन गोष्टी याच क्रमाने ठरवाव्या लागतात : कोणती करप्रणाली निवडायची, ज्याच्यासाठी खर्च केला त्याचे नाते त्या कलमात बसते का, आणि पैसे नेमके कोणाच्या उत्पन्नातून व कोणत्या मार्गाने गेले.

पुढील विवेचन आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ च्या विवरणपत्रासाठी आहे. प्राप्तिकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच अधिनियम लागू राहतो. त्यामुळे ८०सी, ८०डी हे ओळखीचे कलम-क्रमांक या विवरणपत्रापुरते कायम आहेत. त्यानंतरच्या उत्पन्नासाठी मात्र नव्या कायद्यातले वेगळे क्रमांक पाहावे लागतील.

पहिले पाऊल : करप्रणालीचा हिशेब

कुटुंबीयांशी संबंधित जवळजवळ सर्व वजावटी, म्हणजे ८०सी, ८०डी, ८०डीडी, ८०डीडीबी, ८०ई आणि घरभाडे भत्त्याची सूट, केवळ जुन्या करप्रणालीत मिळतात. नवी प्रणाली आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मूळ प्रणाली ठरली आहे, म्हणजे आपण काहीच निवडले नाही तर कर तिच्याप्रमाणेच काढला जातो. त्यातच आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए खाली पूर्ण सूट आहे आणि पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. याचा अर्थ ज्याचे उत्पन्न केवळ पगाराचे आहे आणि तो १२ लाख ७५ हजारांच्या आत आहे, त्याला नव्या प्रणालीत कर शून्यच येतो. अशा माणसाने आईच्या मेडिक्लेमच्या पावत्या शोधण्यात शनिवार-रविवार घालवण्याचे काहीच कारण नाही, आणि माझ्या मते नाशिकमधील बहुसंख्य पगारदार याच गटात मोडतात.

त्यावरच्या पगाराला मात्र हिशेब मांडल्याशिवाय इलाज नाही. समजा, अंबडच्या एका कारखान्यातील पर्यवेक्षकाचा वार्षिक पगार १४ लाख रुपये आहे. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता १३,२५,००० रुपये उरतात. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या १,२५,००० वर १५ टक्क्यांनी १८,७५० मिळून ७८,७५० रुपये होतात आणि ४ टक्के उपकर धरून एकूण ८१,९०० रुपये कर येतो.

आता हाच माणूस जुन्या प्रणालीत पाहू. प्रमाणित वजावट ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० वजा केल्यावर १३,४७,५०० उरतात. त्याच्या ८०सी च्या १,५०,०००, स्वतःच्या कुटुंबाच्या व ज्येष्ठ आई-वडिलांच्या विम्याच्या मिळून ७५,०००, तीव्र अपंगत्व असलेल्या भावापोटी १,२५,००० आणि थोरल्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजाच्या ६०,००० अशा ४,१०,००० रुपयांच्या वजावटी आहेत. त्या जाऊन ९,३७,५०० राहतात आणि उपकरासह कर येतो १,०४,००० रुपये. एवढ्या साऱ्या वजावटी मागूनही जुनी प्रणाली २२,१०० रुपयांनी महागच पडते! त्याला घरभाडे भत्त्याची १,५०,००० रुपयांची सूटही मिळत असेल, तरच करपात्र उत्पन्न ७,८७,५०० वर येते, कर ७२,८०० होतो आणि जुनी प्रणाली ९,१०० रुपयांनी स्वस्त ठरते. म्हणून वजावटींची यादी मोठी दिसते एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील गणकयंत्रात दोन्ही आकडे काढून पाहावेत.

केवळ पगारदार असलेल्याला ही निवड दर वर्षी विवरणपत्रातच करता येते, अगदी कंपनीने वर्षभर नव्या प्रणालीने टीडीएस, म्हणजे पगारातून परस्पर कर, कापला असला तरीही. मात्र विवरणपत्र मूळ मुदतीच्या आत, म्हणजे पगारदारांच्या बाबतीत सामान्यतः ३१ जुलैपर्यंत, भरले पाहिजे. विलंबाने भरलेल्या विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडता येत नाही. नोकरीबरोबर ज्यांचे दुकान, व्यवसाय किंवा कमिशनचे उत्पन्न आहे, त्यांना जुन्या प्रणालीसाठी फॉर्म १०-आयईए आधी भरावा लागतो आणि प्रणाली बदलण्याची मुभाही त्यांना पगारदारांइतकी मोकळी नाही.

दुसरे पाऊल : नाते कलमात बसवणे

इथे बहुतेकांची गफलत होते, कारण ‘कुटुंब’ आणि ‘अवलंबित’ यांची व्याप्ती प्रत्येक कलमात निराळी आहे. एकाच घरात राहणारी, एकाच चुलीवर जेवणारी माणसे एका कलमात बसतात आणि दुसऱ्यात बसत नाहीत.

८०सी मध्ये आयुर्विम्याचा हप्ता आणि पीपीएफ हे स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि मुलांच्या नावचे चालतात. मूल अवलंबून असावे अशी अट येथे नाही. लग्न झालेल्या किंवा कमावत्या मुलीच्या पॉलिसीचा हप्ता वडिलांनी भरला तरी तो चालतो. आई-वडिलांच्या पॉलिसीचा हप्ता मात्र चालत नाही. शिकवणी शुल्काची वजावट जास्तीत जास्त दोन मुलांसाठी मिळते आणि ही मर्यादा प्रत्येक करदात्याला स्वतंत्र असल्याने, तीन किंवा चार मुले असलेले कमावते पती-पत्नी ती आपसांत वाटून घेऊ शकतात. पत्नीचे किंवा धाकट्या भावाचे शुल्क यात येत नाही. शिक्षण भारतातील शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठातले आणि पूर्णवेळ असले पाहिजे. त्यामुळे कॉलेज रोडवरच्या जेईई-नीटच्या क्लासची फी, ती कितीही जड असली तरी, बसत नाही आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमाची फी मागण्याच्या फंदातही पडू नये. शाळेच्या पावतीतही विकास निधी, देणगी, बस आणि वसतिगृहाचे शुल्क वगळून केवळ शिकवणी शुल्काचाच आकडा धरायचा असतो. पावतीवर तो वेगळा दाखवलेला नसेल तर शाळेच्या कार्यालयातून तसा दाखला मागून घ्यावा.

८०ई खाली उच्च शिक्षणाच्या कर्जाचे केवळ व्याज, कोणत्याही रकमेच्या मर्यादेशिवाय, वजा होते. कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा ज्याचे आपण कायदेशीर पालक आहोत अशा विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी असावे. भावा-बहिणीच्या शिक्षणाचे चालत नाही. कर्ज बँकेचे किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचे हवे, मामाकडून किंवा मित्राकडून घेतलेले नव्हे. शिवाय कर्जदार म्हणून आपले नाव कागदावर हवे. कर्ज केवळ मुलाच्या नावावर असेल आणि हप्ते वडील भरत असतील, तर वडिलांचा दावा टिकणे कठीण आहे. व्याज भरणे सुरू झालेले वर्ष आणि त्यापुढची ७ वर्षे एवढ्याच काळापुरती ही वजावट असते.

आरोग्य विमा आणि ज्येष्ठांचा औषधोपचार : कलम ८०डी

नाशिकच्या मध्यमवर्गीय घरात सर्वांत जास्त वापरले जाणारे आणि सर्वांत जास्त चुकीचे भरले जाणारे कलम हेच आहे. त्याचे दोन स्वतंत्र कप्पे आहेत. पहिल्यात स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले येतात आणि मर्यादा २५,००० रुपयांची आहे. यांपैकी कोणी ६० वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल तर ५०,०००. दुसऱ्या कप्प्यात आपले आई-वडील येतात, मर्यादा पुन्हा २५,००० आणि ते ज्येष्ठ असतील तर ५०,०००. आई-वडिलांच्या कप्प्यात अवलंबित्वाची अट नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. प्रेसमधून निवृत्त झालेल्या वडिलांना चांगली पेन्शन असेल, निफाडला त्यांच्या नावावर द्राक्षबाग असेल, ते गावीच राहत असतील, तरीही त्यांच्या विम्याचा हप्ता मुलाने भरला तर वजावट मुलाला मिळते. उलट पहिल्या कप्प्यात मूल अवलंबून असलेच पाहिजे. मुलगा हिंजवडीला नोकरीला लागला की त्याच्या हप्त्याचा वाटा वडिलांनी मागू नये. भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि सासू-सासरे दोन्ही कप्प्यांच्या बाहेर आहेत.

सासू-सासऱ्यांच्या बाबतीत एक साधा मार्ग आहे. पत्नी कमावती असेल आणि तिने जुनी प्रणाली निवडली असेल, तर तिच्या आई-वडिलांचा हप्ता तिच्या खात्यातून भरला जावा म्हणजे तिच्या विवरणपत्रात तो धरता येईल. जावयाच्या खात्यातून गेलेला हप्ता दोघांनाही उपयोगी पडत नाही. हाच नियम भावंडांनाही लागू आहे : आईचा ४०,००० रुपयांचा हप्ता दोन भावांनी निम्मा-निम्मा भरला असेल, तर प्रत्येकाने आपापल्या खात्यातून गेलेले २०,०००च मागावेत. ‘या वर्षी तू घे, पुढच्या वर्षी मी’ असा घरगुती समझोता करायचा असेल तर तो हप्ता भरण्यापूर्वी करावा, कारण कायदा पाहतो ते पैसे कोणी भरले हे.

हप्ता रोखीने भरला असेल तर वजावट नाही. रोखीची मुभा आहे ती केवळ प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीपुरती, तीही जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत आणि वरच्या मर्यादेच्या आतच. म्हणजे हप्ता २२,००० आणि तपासणी ४,००० असेल तर मिळतील २५,०००च. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर त्याचे समान वार्षिक भाग पाडून तेवढाच वाटा त्या-त्या वर्षी धरायचा. कंपनीने स्वतःच्या पैशाने काढलेल्या गट विम्याचे काही मिळत नाही. पगारातून कापलेला आई-वडिलांचा वाढीव हप्ता मात्र चालतो आणि तो पगारपत्रकावर दिसतो.

आता एका दुर्लक्षित तरतुदीकडे थोडे थांबून पाहू. अनेक ज्येष्ठांना वयामुळे किंवा जुन्या आजारांमुळे विमा मिळतच नाही, किंवा मिळतो तो परवडत नाही. अशा ज्येष्ठ आई-वडिलांच्या आरोग्य विम्यासाठी काहीच भरलेले नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावर झालेला प्रत्यक्ष खर्च ५०,००० रुपयांपर्यंत याच कलमाखाली मागता येतो. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, डॉक्टरांची फी, तपासण्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असा खर्च यात धरता येतो, मात्र तोही रोखीने केलेला नसावा. म्हणून औषधाच्या दुकानात दर महिन्याचे बिल यूपीआयने भरावे, बिलावर रुग्णाचे नाव घालून घ्यावे आणि त्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी. वर्षाअखेरीस एकदम बिले जमवायला गेले तर निम्मी सापडत नाहीत आणि सापडलेल्यांवर नाव नसते.

अपंग अवलंबितासाठी : कलम ८०डीडी

या कलमाला खऱ्या अर्थाने अवलंबितांचे कलम म्हणता येईल. यात जोडीदार, मुले, आई-वडील, भाऊ आणि बहीण येतात. पुतण्या, भाचा, आजी किंवा सासू येत नाहीत. ती व्यक्ती आपल्यावर पूर्णतः किंवा मुख्यतः अवलंबून असावी, तिला मान्यताप्राप्त वैद्यकीय प्राधिकाऱ्याने किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र दिलेले असावे आणि तिने स्वतःच्या विवरणपत्रात कलम ८०यू खाली, म्हणजे करदात्याच्या स्वतःच्या अपंगत्वापोटी मिळणारी, वजावट मागितलेली नसावी. उपचार, प्रशिक्षण किंवा पुनर्वसनावर खर्च झालेला असला की वजावट मात्र ठोक मिळते : ४० टक्के ते ८० टक्क्यांच्या आत ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असेल तर १,२५,००० रुपये. खर्च ३०,००० झाला असला तरी वजावट पूर्णच मिळते आणि ३ लाख झाला असला तरी त्याहून जास्त मिळत नाही.

‘मुख्यतः अवलंबून’ म्हणजे किती, याचा रुपयांतला आकडा कायद्यात दिलेला नाही. कार्यालयाच्या वैद्यकीय सवलतीसाठी अवलंबितांच्या उत्पन्नाची जी मर्यादा असते, ती त्या सवलतीपुरतीच असते. ती प्राप्तिकराला लावू नये आणि त्या यादीत नाव आहे एवढ्यावर येथे दावाही करू नये. माझ्या समजुतीप्रमाणे कसोटी व्यवहाराची आहे. भावाला संजय गांधी निराधार योजनेचे मासिक अनुदान मिळत असले तरी त्याचे जेवण, औषधे, निवारा यांचा मोठा भार आपण उचलत असू, तर तो मुख्यतः आपल्यावरच अवलंबून आहे. परंतु त्याच भावाच्या नावावर दिंडोरीत शेत आहे आणि त्याच्या उत्पन्नावर त्याचे भागते आहे, तर शेतीचे उत्पन्न करमुक्त असते म्हणून तो अवलंबित ठरत नाही. दोन भाऊ मिळून तिसऱ्याला सांभाळत असतील, तर ज्याच्याकडे तो राहतो आणि ज्याच्या खात्यातून जास्त खर्च जातो त्या एकानेच दावा करावा.

प्रमाणपत्रासाठी शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर यूडीआयडी कार्डाकरिता, म्हणजे अपंग व्यक्तीच्या ओळखपत्राकरिता, अर्ज करावा आणि तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, जावे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असेल तर फॉर्म १०-आयए मधील प्रमाणपत्र लागते आणि तो फॉर्म संकेतस्थळावर विवरणपत्रापूर्वी दाखल करावा लागतो. या कामाला वेळ लागतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रांगेत उभे राहून ते होणार नाही. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असेल तर ज्या वर्षात ती मुदत संपते त्या वर्षापर्यंतच वजावट मिळते आणि पुढे नवीन तपासणी करून घ्यावी लागते. जुने प्रमाणपत्र तसेच पुढे चालवल्यामुळे अडचणीत आलेली प्रकरणे कमी नाहीत.

दुर्धर आजारांचा खर्च : कलम ८०डीडीबी

नातेसंबंधांची यादी ८०डीडी प्रमाणेच आहे, शिवाय करदात्याचा स्वतःचा आजारही चालतो, परंतु आजार ठरलेल्या यादीतलाच हवा : कर्करोग, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन निकामीपणा, एड्स, हिमोफिलिया व थॅलेसेमिया, आणि पार्किन्सन, डिमेन्शिया यांसारखे मज्जासंस्थेचे काही आजार, ज्यांत ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेले असावे. हृदयविकार आणि मधुमेह यात नाहीत, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. आई-वडिलांच्या बाबतीत ८०डी मध्ये नसलेली अवलंबित्वाची अट येथे आहे, म्हणजे भक्कम पेन्शन घेणाऱ्या वडिलांच्या केमोथेरपीचा खर्च मुलाला या कलमाखाली मागता येत नाही. तो वडिलांनी स्वतःच्या पैशातून करून स्वतःच्या विवरणपत्रात मागणे योग्य.

वजावट प्रत्यक्ष खर्चाएवढी, पण जास्तीत जास्त ४०,००० आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १,००,००० रुपये. विमा कंपनीकडून किंवा मालकाकडून मिळालेली भरपाई वजा होते, आणि ती खर्चातून नव्हे तर अनुज्ञेय वजावटीतून वजा होते. समजा, ६६ वर्षांच्या आईच्या डायलिसिसवर वर्षात १,८०,००० खर्च झाले आणि विम्यातून ७०,००० परत मिळाले. खिशातून गेलेले १,१०,००० आहेत म्हणून पूर्ण १ लाख मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात १ लाखाच्या मर्यादेतून ७०,००० जाऊन ३०,०००च मिळतात. लागणारा कागद म्हणजे त्या आजाराच्या तज्ज्ञाची चिठ्ठी, जिच्यावर रुग्णाचे नाव व वय, आजाराचे नाव आणि डॉक्टरांचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक व पात्रता लिहिलेली असावी. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. एकच बिल ८०डी मध्येही आणि इथेही धरू नये.

घरभाडे वडिलांना, ठेव पत्नीच्या नावावर

घर वडिलांच्या मालकीचे असेल आणि आपल्याला घरभाडे भत्ता मिळत असेल, तर वडिलांना खरोखर भाडे देऊन सूट घेता येते. सूट तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याएवढी असते : मिळालेला भत्ता, भाड्यातून मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम, आणि नाशिकसाठी त्या वेतनाच्या ४० टक्के. भाडे दर महिन्याला बँकेतून द्यावे, साधा करारनामा असावा, आणि वार्षिक भाडे १ लाखाच्या वर गेल्यास वडिलांचा पॅन द्यावा लागतो. वडिलांनी ते भाडे आपल्या विवरणपत्रात दाखवले पाहिजे. त्यांना त्यावर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. घर दोघांच्या संयुक्त नावावर असेल तर मात्र स्वतःच्याच घराचे भाडे देण्याचा हा खटाटोप करू नये. पत्नीला भाडे देण्याची प्रकरणे वादात सापडतात आणि मी तो सल्ला कोणाला देत नाही.

वजावटीच्या नादात उलट बाजूही विसरता कामा नये. गृहिणी असलेल्या पत्नीच्या नावावर पतीने आपल्या पैशाची मुदत ठेव केली, तर तिचे व्याज पतीच्याच उत्पन्नात मिळवले जाते. सुनेला दिलेल्या रकमेलाही हाच नियम आहे. अज्ञान मुलाचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्याकडे जाते, आणि जुन्या प्रणालीत प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांचीच सूट मिळते. मुलाने स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न आणि ८०यू मध्ये बसणारे अपंगत्व असलेल्या मुलाचे उत्पन्न यातून वगळलेले आहे. आई-वडिलांना दिलेल्या रकमेच्या व्याजाला मात्र हा नियम लागत नाही. ते व्याज त्यांचेच उत्पन्न समजले जाते.

प्रत्यक्ष विवरणपत्र भरताना

प्रथम फॉर्म १६, २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएस (विभागाकडे नोंदलेल्या आपल्या उत्पन्नाचे व व्यवहारांचे वार्षिक विवरण) समोर ठेवून उत्पन्न जुळवून घ्यावे. जानेवारी-फेब्रुवारीत कार्यालयाने पुरावे मागितले तेव्हा एखादी पावती द्यायची राहून गेली असेल, तर ती वजावट विवरणपत्रात थेट मागता येते. फॉर्म १६ मध्ये ती नाही म्हणून सोडून देऊ नये. त्यानंतर सुरुवातीच्याच भागात नव्या प्रणालीतून बाहेर पडायचे आहे का, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर आधीच ‘नाही’ असे भरलेले असते. जुनी प्रणाली हवी असेल तर तेथे ‘होय’ करावे लागते. हे राहिले तर पुढचे वजावटींचे रकाने बंदच दिसतात आणि माणूस संकेतस्थळालाच दोष देत बसतो.

८०डी च्या तक्त्यात स्वतःच्या कुटुंबात कोणी ज्येष्ठ आहे का आणि आई-वडिलांपैकी कोणी ज्येष्ठ आहे का, असे दोन वेगळे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे चुकली तर मर्यादाच चुकते. ज्येष्ठ ठरण्यासाठी त्या आर्थिक वर्षात कधीही ६० वर्षे पूर्ण झालेली पुरतात. विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांकही आता विचारले जातात. ८०डीडी साठी अपंगत्वाचे स्वरूप, अवलंबिताशी नाते, त्याचा पॅन किंवा आधार, यूडीआयडी क्रमांक आणि लागू असेल तेथे फॉर्म १०-आयए चा पोच क्रमांक हाताशी ठेवावा. ८०ई साठी बँकेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, ३१ मार्चची शिल्लक आणि भरलेले व्याज लागते. बँकेचे व्याज प्रमाणपत्र मागवले की हे सर्व एकाच कागदावर मिळते. घरभाड्याचाही तपशील वेगळा भरावा लागतो. विवरणपत्र सादर केल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी करावी; ती केली नाही तर ते भरलेच नाही असे समजले जाते.

विवरणपत्रासोबत एकही कागद जोडायचा नसतो, आणि याच सोयीचा गैरफायदा घेऊन ‘वाढीव परतावा मिळवून देतो’ असे सांगणारे दलाल दर हंगामात उगवतात. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभर खोट्या वजावटींविरुद्ध तपासणी मोहीम राबवली, तेव्हा घरभाडे भत्ता, ८०डी, ८०डीडीबी आणि ८०ई हीच कलमे त्यांच्या यादीत होती. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो, आणि तो विवरणपत्र ज्याच्या पॅनवर भरले त्याला होतो, दलालाला नाही.

खुलासा मागणारी नोटीस आलीच तर ती ई-मेलवर आणि संकेतस्थळावरील आपल्या खात्यात येते. बहुतेक वेळा गडकरी चौकातल्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत, उत्तर ऑनलाइनच द्यायचे असते. त्या वेळी हप्त्याची पावती, बँक खात्याचा उतारा आणि लागेल तेथे प्रमाणपत्र किंवा चिठ्ठी अशी कागदपत्रे कलमवार लावून स्कॅन केलेली असतील, तर उत्तर एका बैठकीत लिहून होते. एखादा दावा टिकणारा नाही असे आपल्याच लक्षात आले, तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरून तो मागे घ्यावा. ती मुदत टळली तर अतिरिक्त कर भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल करण्याची सोय संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत आहे. या अद्ययावत विवरणपत्रातून राहून गेलेली वजावट मागून कर कमी करता येत नाही किंवा परतावा वाढवता येत नाही, त्यामुळे विसरलेली पावती सापडली तर सुधारित विवरणपत्राची मुदत उलटण्यापूर्वीच ती वापरावी लागते.